फुलांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा स्वयंसेवक: मांडणीचं टेबल घ्यावं की तयारीची खोली?

थोडीफार पुष्परचना येते आणि गोव्यातल्या एखाद्या पुष्पप्रदर्शनाला स्वयंसेवक म्हणून नाव द्यायचंय, असं म्हटलं की आयोजक बहुधा दोनांपैकी एक काम पुढे करतात. पहिलं दर्शनी मांडणीचं टेबल: एक रचना तुमची, ती प्रदर्शन उठेपर्यंत सांभाळायची. दुसरं तयारीच्या खोलीतलं: आलेली फुलं पाण्यात लावायची, देठ छाटायचे, बादल्या भरायच्या, स्पर्धेसाठी आलेल्या प्रवेशिकांना क्रमांक लावायचे आणि परीक्षणाच्या वेळी परीक्षकांमागून वही घेऊन फिरायचं. मी दोन्ही करून पाहिली आहेत. टेबलाला नावं ठेवावीत असं फार काही नाही, एक गोष्ट सोडली तर.

टेबलाच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. रचनेखाली तुमच्या नावाची चिठ्ठी असते, लोक फोटो काढतात, एखादा डेकोरेटर थांबून फोन नंबर मागतो. गोव्यात लग्नांचा धंदा केवढा आहे ते सांगायला नको, त्यामुळे ज्याला पुढे हेच काम पोटापाण्यासाठी करायचंय त्याने टेबल घ्यावं, यात मला वावगं वाटत नाही. शिवाय आपल्याकडे सामान परसात असतं. हेलिकोनिया, क्रोटन, मॉन्स्टेराची पानं, एखाद्या शेजाऱ्याकडचं टॉर्च जिंजर एवढ्यावर भरदार रचना उभी राहते. बेळगावहून घाट उतरून आलेला गुलाब आणि जेर्बेरा म्हापशाच्या बाजारात घासाघीस करून आणलाच पाहिजे असं काही नाही.

आता ती एक गोष्ट. पंखा.

जानेवारीतसुद्धा आपल्याकडे दुपारचा पारा तिशी ओलांडतो. मंडपात किंवा हॉलमध्ये माणसं वाढली की कोणीतरी उभे पंखे आणून लावतं, आणि ते बरोबरच आहे, म्हाताऱ्या माणसांना घुसमटायला होतं. पण पंख्याचा झोत टेबलांच्या रांगेवरून जातो. फुलाला ऊन एक वेळ चालेल, सतत अंगावर येणारा वारा चालत नाही. देठातून वर चढतं त्यापेक्षा जास्त पाणी पाकळ्यांतून उडून जातं. माझ्या शेजारच्या टेबलावर एका मुलीने पिवळ्या जेर्बेराची सुरेख उभी रचना केली होती. सकाळी परीक्षण झालं, त्यानंतर रचनेला हात लावायचा नाही हा नियम. जेवणाच्या सुमारास पंख्याच्या बाजूचं पहिलं फूल चार बोटं खाली देठातून वाकलं, मग त्याच्या मागचं. ती पाण्याची फवारणी घेऊन उभी, आणि फवारायचं की नाही हे सांगणारा माणूस जेवायला गेलेला. पंखा जरा फिरवू का, म्हणून मी विचारलं तर खुर्चीवरच्या आजोबांनी असं पाहिलं की मी परत जागेवर गेलो. संध्याकाळपर्यंत येणारा प्रत्येक जण तिला विचारत होता, "ही अशीच ठेवायची होती का?"

कोणी म्हणेल, एवढ्याशा पंख्यावरून काम ठरवायचं? कदाचित माझ्या वाट्याला आलेली जागाच वाईट असेल. वातानुकूलित हॉल असेल तर हा मुद्दा निकालात निघतो. पण टेबलाचं मूळ दुखणं मला त्यात दिसलं. सकाळी नऊ-दहापर्यंत तुमचं शिकणं संपतं. पुढचा सगळा दिवस राखणदारी, आणि बिघडलं तरी दुरुस्तीला वाव नाही.

तयारीच्या खोलीत उलटं आहे. तिथे दिसायला काहीच नसतं. ओली फरशी, गोण्या, वर्तमानपत्रांच्या गुंडाळ्या. पण रचना टिकते की पडते ते इथेच ठरतं. आमच्या खोलीचा कारभार एका काकींकडे होता. त्यांनी आल्याआल्या जेर्बेराचा गठ्ठा हातात दिला आणि भरलेली बादली माझ्या पुढ्यातून ओढून घेतली. "याला गळ्यापर्यंत पाणी नको रे बाबा. देठाला लव असते, कुजतो." मग वर्तमानपत्रात फुलं ताठ गुंडाळायची, देठ तिरका कापायचा, चार बोटं खोल पाण्यात उभी करायची आणि अंधाऱ्या कोपऱ्यात रात्रभर सोडायची. अशी तयारी झालेली फुलं दुसऱ्या दिवशी बाजारातून थेट टेबलावर आलेल्या फुलांशेजारी ठेवून बघा. मोजमाप मी केलेलं नाही, पण मान कोण टाकतं ते मोजावं लागत नाही.

हेलिकोनियाचंही तसंच. कापल्यावर तो पुढे उमलत नाही, जितका उघडलेला असताना तोडाल तितकाच राहतो. म्हणजे उद्या उघडेल या आशेवर कोवळा आणण्यात अर्थ नाही. रचनेची फुलं ज्यात खोचतात त्या हिरव्या स्पंजची वीट पाण्यात हाताने दाबायची नाही, पाण्यावर ठेवून आपली आपण बुडू द्यायची. दाबली की आत कोरडा गड्डा राहतो आणि त्यात खोचलेली फुलं तहानलेली मरतात. खोचलेली काडी उपसून पुन्हा त्याच भोकात घातली तरी हाच प्रकार. (या स्पंजवर इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत बंदी घातली आहे, कारण तो प्लॅस्टिकचा आहे आणि कुजत नाही. आपल्याकडेही खिळ्यांची चकती, म्हणजे केंझान, वापरायची सवय आताच लावून घेतलेली बरी.) आणि शेजारी फळांचं दालन असेल तर पिकलेली केळी फुलांच्या खोलीत टेकवू द्यायची नाहीत. पिकत्या फळातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन मिटून जातं.

आपल्यापैकी बरेच जण लहानपणापासून फाती (फुलांचे गजरे) ओवत, देवळातली आरास बघत वाढले, त्यामुळे फुलं हाताळता येतात असा एक विश्वास असतो. तो खोटा नाही, पण ती विद्या वेगळी. अबोलीला देठच नाही म्हणावा इतका तो आखूड. जाई संध्याकाळी कळी काढायची, रात्री उमलणार, सकाळी संपली. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात पावसाळ्यात जायांची पूजा होते ती त्या एका रात्रीच्या हिशेबाने. प्रदर्शनात फूल दोन-दोन दिवस देठावर उभं ठेवायचं असतं, आणि ते तयारीच्या खोलीशिवाय कळत नाही.

वहीचं काम मात्र मला सगळ्यात आवडलं. परीक्षक बोलतात, आपण लिहायचं. तोंड उघडायचं नाही. नवोदितांच्या गटात रचना बाद होताना दिसल्या त्या बहुतेक कुरूप नव्हत्या. दिलेल्या जागेच्या बाहेर एक पान आलेलं, किंवा 'फक्त पानं' या वर्गात एक कळी राहून गेलेली. नियमपुस्तिका वाचली नाही, संपलं. टेबलामागे उभं राहून हे कधीच ऐकू आलं नसतं. तिथे फक्त निकालाचा रंगीत कागद येतो.

तोटे आहेतच. पाठ दुखते, पायातल्या चपला दिवसभर ओल्या, आणि घरी फोटो दाखवायला काही नाही. आईने विचारलं, "मग तू नक्की काय केलंस?" तर सांगताना जरा अडखळायला होतं. प्रदर्शन धड बघायलाही मिळत नाही. ज्याला माणसांत रमायला आवडतं त्याला ही खोली कंटाळवाणी वाटेल, आणि त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

तरी माझं मत विचारलंत तर पहिल्या वर्षी खोली, टेबल पुढच्या वर्षी. नाव देतानाच सांगा की परीक्षणाच्या वेळी वही तुम्ही धराल, कारण ते काम मागितल्याशिवाय नव्या माणसाला कोणी देत नाही. स्वतःचा धारदार सिकेटर (देठ छाटायची कात्री) न्या, तिथले बोथट असतात. आणि टेबलच घ्यायचं ठरलं असेल तर जेर्बेराऐवजी अँथुरियम आणि पानांवर भर द्या, आणि पंखे कुठे उभे राहणार ते आदल्या संध्याकाळी विचारून मगच जागा निवडा.