रत्नागिरीतल्या रिंग थिअरीच्या स्पायरल नोट्स: घ्याव्यात की नको

एमएस्सी मॅथ्सवाल्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी पुढे जा. मारुती मंदिराजवळ एका झेरॉक्सवाल्याकडे "मॅट्रिक्सची बेरजेत फोड" अशा हाताने लिहिलेल्या रिंग थिअरीच्या (रिंग म्हणजे जिच्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालतात अशी रचना) नोट्स मिळतात, लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही पण माणूस पोचलेला आहे.

भारी काय, तर थिअरम तोंडावर फेकत नाही, आधी गाडी अडते कुठे ते दाखवतो. क्लीन म्हणजे आयडम्पोटंट (वर्ग केला तरी तोच राहणारा) अधिक युनिट (ज्याचा गुणाकारातला व्यस्त त्याच रिंगमध्ये आहे असा), गणितज्ञ निकल्सनची १९७७ ची व्याख्या, आणि लगेच म्हणतो पूर्णांकांत ३ घ्या. आयडम्पोटंट ० नि १, युनिट १ नि -१, बेरीज २ च्या वर जातच नाही, ३ गेला बाराच्या भावात! मग निल-क्लीन, युनिटच्या जागी निलपोटंट (स्वतःशी गुणत गेलं की कधीतरी शून्य होणारा). रिअल मॅट्रिक्समध्ये आयडम्पोटंटचा ट्रेस (कर्णावरच्या आकड्यांची बेरीज) म्हणजे त्याची रँक (स्वतंत्र ओळी किती ते, म्हणजे पूर्णांकच), निलपोटंटचा शून्य, मग मॅट्रिक्सचा ट्रेस १/२ असेल तर आयडम्पोटंट नि निलपोटंट कितीही जोडा, बेरजेचा ट्रेस पूर्णांकच, विषय संपला. ० नि १ च्या फील्डवर (फील्ड म्हणजे शून्य सोडून कशानेही भागता येतं अशी रिंग; इथे मॉड २, म्हणजे १ अधिक १ बरोबर ०) मात्र प्रत्येक मॅट्रिक्स निल-क्लीन, आणि असं चालणारं फील्ड हे एकच (ब्रेआझ आणि बरोबरचे तिघे, २०१३). उदाहरण पण मस्त आहे, वर ० १ खाली १ १, त्यातला वरचा १ वेगळा काढला की तो निलपोटंट, उरलं वर ० ० खाली १ १, वर्ग करा, तेच परत येतं.

आता रडगाणं. झेरॉक्स इतकी फिकट की वजा चिन्हं गायब. शून्य मॅट्रिक्स क्लीन का, तर आय (आयडेंटिटी मॅट्रिक्स, कर्णावर १ बाकी ०) अधिक वजा आय, माझ्या प्रतीत आय अधिक आय बरोबर शून्य! मॉड २ मध्ये ते खरंच बरोबर आहे त्यामुळे शंकाही येत नाही, आणि पुढच्या पानावर रिअल सुरू झाल्यावर डोक्याचं भजं.

शिवाय क्लीन रिंगवरच्या मॅट्रिक्सही क्लीन, हा हान-निकल्सनचा २००१ चा रिझल्ट "सोपा आहे" म्हणून सोडलाय, अरे बाबा आम्हाला तोच हवा होता ना. हेन्रिक्सनचं तीन युनिटवालं (१९७४, कुठलीही रिंग, साइज २ पासून पुढे, प्रत्येक मॅट्रिक्स तीन युनिटची बेरीज) पण एका ओळीत उरकलंय.

पाचात साडेतीन. घेणार असाल तर तयार प्रत उचलू नका, मूळ वही मागा नि डार्क काढायला सांगा, तो कुरकुर करतो पण देतो.