भात कमी करायचा की चालणं वाढवायचं? गोव्यात राहून ठरवताना

चाळिशी ओलांडली. तपासणीत उपाशीपोटीची साखर ११० आली, कमरेचा पट्टा एक भोक पुढे सरकला आणि डॉक्टरांनी सांगितलं, "खाण्याकडे लक्ष द्या, चालायला लागा." दवाखान्यातून बाहेर पडल्यावर प्रश्न उरतोच, नेमकं काय करायचं? भात सोडायचा? जिम लावायची? सकाळची भाजी-पाव बंद?

हा प्रश्न गोव्यात घरोघरी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. त्यात मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, प्रौढांमध्ये २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४ होता. चवथीला, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली जमणाऱ्या आपल्या मोठ्या माणसांकडे या नजरेने पाहिलं की जीव कासावीस होतो, कारण त्यातल्या बऱ्याच जणांना ते वेळीच टाळता आलं असतं.

साखर काठावर असलेल्या, अजून औषधं सुरू न झालेल्या माणसासाठी खालची तुलना आहे. माझी कसोटी साधी आहे. जी सवय जून ते सप्टेंबरच्या पावसात, चवथीच्या गोडधोडात आणि घरच्या लग्नाकार्यात टिकते ती चांगली. बाकीच्या कागदावर कितीही चांगल्या असोत.

आधी खाणं की आधी व्यायाम?

वजन उतरवायचं असेल तर खाण्याचं पारडं जड आहे. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालला तर साधारण १२० ते १४० कॅलरी खर्च होतात. साठ मिलिलिटर फेणीतल्या मद्यार्काच्याच जवळपास १४० कॅलरी भरतात. म्हणजे मिरामारचा फेरफटका आणि संध्याकाळचा एक पेग यांची फिटंफाट.

पण रक्तातली साखर आवरायची असेल तर चालण्याला तोड नाही. स्नायू आकुंचन पावत असताना रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्या वेळी त्यांना इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. वजन एक किलोनेही कमी झालं नाही तरी हा फायदा पहिल्या दिवसापासून मिळतो.

दोन्ही एकत्र केलं की काय होतं हे नीट तपासलं गेलंय. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि सात टक्के वजन घट एवढंच लक्ष्य ठेवलं होतं. काठावरच्या लोकांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीने ३१ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या २००६ सालच्या चाचणीत आपल्या भारतीय माणसांवर आहार-व्यायामाचा परिणाम २८.५ टक्के आणि गोळीचा २६.४ टक्के होता. आपल्याकडे फरक थोडा कमी पडतो, पण गोळीच्या बरोबरीने चालतो. मला यात मोठा दिलासा वाटतो.

उकडा की सुरय?

गोव्यात आरोग्याची चर्चा भातावर येऊन अडतेच, म्हणून इथे जरा थांबू.

उकडा करताना साळ आधी पाण्यात भिजवून उकडतात, वाळवतात आणि मग गिरणीत घालतात. उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं, विशेषतः थायमिन, दाण्याच्या आत शिरतात, त्यामुळे नंतर साल काढली तरी ती सगळी वाया जात नाहीत. दाण्यातलं पिष्टही घट्ट होतं, पचायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि साखर सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळापेक्षा जरा सावकाश चढते. तांबूस साल राखलेला उकडा असेल तर तंतूही मिळतात. दुकानात उकडा म्हणून पांढराशुभ्र, गुळगुळीत दाणा मिळतो. त्यात थायमिन असतं, कोंडा मात्र जवळपास नसतो. घेताना मूठभर तांदूळ हातावर पसरून बघा. दाण्यावर तांबडे पट्टे दिसले पाहिजेत.

तर उकडा चांगला. पण "आम्ही उकडाच खातो" म्हणून निर्धास्त होऊन तीनदा वाढून घेणारी माणसं मी आजूबाजूला रोज बघते. शिजलेल्या भाताच्या एका मध्यम वाटीत, म्हणजे दीडशे ग्रॅममध्ये, चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. घरच्या ताटात वाढला जाणारा ढीग सहज दोन वाट्यांवर जातो, आणि हुमण (माशाचं कालवण) उरलं म्हणून पुन्हा भात घेतला जातो. तांदूळ बदलण्याने जेवढा फरक पडतो त्याहून मोठा फरक डाव एकदा कमी फिरवण्याने पडतो.

दोन्ही एकदम जमत नसेल तर आधी मात्रा कमी करा, तांदूळ मागाहून बदला. भात ताटात सगळ्यात शेवटी वाढा. आधी तांबडी भाजी किंवा अळसांद्यांचं (गोव्याच्या चवळीचं) तोणाक, मग मासा, मग भात. भाजी आणि प्रथिनं पोटात आधी गेली की त्यामागून आलेल्या भाताने साखर कमी उसळते. याला पैसा लागत नाही, घरच्यांशी भांडावं लागत नाही, आणि चवथीच्या जेवणातही ते करता येतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत अर्धं ताट भाजी-फळांनी भरायला सांगितलंय. आपल्या ताटात भाजी लोणच्याच्या शेजारी कोपऱ्यात असते, तिला मध्यावर आणायचं.

न्याहारी: पेज, तिजान की भाजी-पाव?

उकड्याची पेज आपल्या रक्तात आहे. शेतात चिखलणी करणाऱ्या माणसाला सकाळी दहा-अकराला पेज लागायचीच, आणि ती त्याला पुरायची. संगणकापुढे बसणाऱ्याचं गणित वेगळं आहे. भात जितका मऊ शिजतो तितकी त्याची साखर लवकर होते, आणि पेजेत प्रथिनं नावापुरतीच. शिवाय सोबत पारा (सुक्या माशाचं लोणचं), किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) किंवा खारातली कैरी येते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे एक लहान चमचा. लोणच्याची मोठी फोड आणि खाऱ्या माशाचा तुकडा मिळून त्यातला मोठा हिस्सा न्याहारीलाच संपतो. रक्तदाब असलेल्या घरात हे फार महागात पडतं. पेज हवीच असेल तर छोटी वाटी घ्या, सोबत मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची उसळ) घ्या, आणि लोणचं बोटाला लागेल इतकंच.

तिजान, म्हणजे नाचणीची गूळ घातलेली पेज, मला या तिन्हींत सरस वाटतं. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळापेक्षा कितीतरी पट. पाळी थांबलेल्या बायकांसाठी तर ही न्याहारी सोन्यासारखी. अट एकच, गूळ अगदी थोडा. गुळाची साखर ही साखरच आहे. ताकातलं, मिठाची कणी आणि चिमूटभर जिरं घातलेलं नाचणीचं आंबील जमलं तर त्याहून चांगलं.

भाजी-पावाला मी एकदम काट मारणार नाही. पातळ भाजीत वाटाणे किंवा चवळी असेल तर त्यातून प्रथिनं मिळतात, तंतू मिळतात. घोटाळा होतो तो बन, मिरची भजी आणि साखरेच्या चहाने. एक पाव, भरपूर भाजी, बिनसाखरेचा चहा, असं आठवड्यातून एखाद-दोन वेळा चालून जाईल.

पोदेराकडून (पाववाल्याकडून) काय घ्यायचं? उंडा या मैद्याच्या गोल पावापेक्षा कोंड्याची पोळी, म्हणजे पोई, बरी. पण फोडून आत बघा. कोंडा फक्त वरून भुरभुरवलेला असेल तर आत मैदाच आहे.

मासा: हुमण की तळलेला, इसवण की बांगडा?

इसवण (सुरमई) आणि पापलेट पाहुण्यांसाठी ठेवा. रोजच्या जेवणाला बांगडा, तारली आणि पेडवे हेच खरे. हृदयाला उपकारक अशी ओमेगा-३ मेदाम्लं या तेलकट माशांत भरपूर असतात, आणि किंमत पुष्कळ कमी. बारीक पेडवे काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियमही मिळतं. स्वस्त मासा जास्त गुणाचा असण्याचं हे भाग्य आपल्या किनाऱ्याला लाभलंय, ते वापरावं.

रवा लावून तव्यावर तळलेल्या माशापेक्षा हुमण बरं, हे खरं, पण हुमणातलं खोबरं विसरू नका. ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅममध्ये तेहतीस ग्रॅमच्या आसपास मेद असतो आणि त्यातला बहुतेक संपृक्त. नारळ सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, गोव्यात ते कुणी ऐकणारही नाही. चार माणसांच्या हुमणाला अर्ध्या नारळावरून पाव नारळावर यायचं, तिरफळं आणि सोलं नेहमीएवढीच. चव जात नाही. त्याच दिवशी भाजीत पुन्हा खोबरं आणि वर सोलकढी असं मात्र नको, तिघांपैकी एकाने सुट्टी घ्यावी. मासा तळायचाच तर रव्याचा थर न देता, चमचाभर तेलात, झाकण ठेवून.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ताजे मासे महागतात आणि घरात सुकी सुंगटं (कोळंबी), सुके बांगडे निघतात. त्या दोन महिन्यांत मीठ वाढतं, प्रथिनं घटतात. याला जुनं उत्तर आपल्या शिवराक (शाकाहारी) स्वयंपाकातच आहे: मुगागाठी, अळसांदे, पहिल्या पावसातल्या तायकिळा, तेरं या रानभाज्या. सोमवारी जे करता तेच पावसाळ्यात जरा जास्त वेळा करा. प्रौढ माणसाला किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या बाईला रोज पन्नासेक ग्रॅम. भात आणि पातळ कढीवर ती भरत नाहीत.

चालणं, जिम, पोहणं की घरातला व्यायाम?

जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप असं आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. हा दुसरा भाग आपण सगळेच विसरतो. रोज सकाळी कांपालला फेऱ्या मारणारी, तरीही पाटावरून उठताना हात टेकणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात, आणि जेवणानंतरची साखर साठवणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे हेच स्नायू.

चालण्याची मोठी बाजू म्हणजे त्याला काही लागत नाही. मिरामार, दोना पावल, आल्तिनोची चढण, फोंड्यात फर्मागुडी, मडगावकरांना फातोर्डा, आणि गावात असाल तर देवळापर्यंतची वाट. मऊ वाळूत चालायला कडक रस्त्यापेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, पण घोटा आणि गुडघा दुखरा असेल तर ओलसर घट्ट वाळूवरूनच चाला. उणी बाजू म्हणजे पाऊस. जूनमध्ये बंद पडलेलं चालणं चवथ झाल्यावर सुरू करू म्हणतात, आणि मग दिवाळी येते.

म्हणून सकाळच्या एका लांब फेरीपेक्षा जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं मी वर ठेवते. साखर चढत असते त्याच वेळी स्नायू ती वापरतात. हे बाल्कांवातही (घरापुढच्या ओसरीतही) होतं, घराच्या लांब सोप्यातही होतं, पाऊस कोसळत असला तरी होतं. रात्रीच्या जेवणानंतर तर नक्कीच करा, कारण आपलं रात्रीचं जेवण उशिरा आणि भरपेट असतं.

जिम चांगली आहे, वजनं उचलण्याला पर्याय नाही, शिकवणारा जाणकार असेल तर पन्नाशीतही जरूर लावा. पण वर्षाचे पैसे भरून महिनाभरात सोडण्यापेक्षा घरात खुर्चीवरून सुरुवात करा. न हलणारी, बिनचाकाची खुर्ची भिंतीला टेकवा. कडेवर बसा, टाचा जमिनीला, हात छातीवर आडवे. हात न टेकता उठा, मग तीन मोजत हळू बसा. धप्पकन बसायचं नाही, खरा व्यायाम त्या हळू बसण्यात आहे. दहा वेळा, दम घ्या, पुन्हा दहा. मग भिंतीला हात लावून दंड. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस पुष्कळ झालं.

पोहणं गुडघेदुखीवाल्यांसाठी उत्तम, कांपालचा तरणतलाव आहेच. हाडांना मात्र त्यातून पुरेसा भार मिळत नाही, म्हणून खुर्चीचा व्यायाम सोडू नका. सायकल दिवाडीसारख्या कमी रहदारीच्या बेटावर सुखाची, हमरस्त्यावर मला तिची भीती वाटते. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जायला स्कूटर काढू नका, तेवढं चालणंही हिशेबात धरा.

कुणी काय आधी धरावं

पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर किंवा बायकांत ८० च्या वर असेल तर आधी भाताचा डाव आणि संध्याकाळचा पेग. वजन बेताचं पण साखर काठावर असेल तर जेवणानंतरचं चालणं आणि खुर्ची. रक्तदाब असेल तर खारं आणि लोणचं पहिल्यांदा. तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासा, ती तपासणी साधारण तेवढ्याच काळातल्या साखरेची सरासरी दाखवते. त्याआधी घरच्या यंत्रावर रोज टोचून जीव खाऊ नका.

ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू आहेत त्यांनी भात एकदम निम्म्यावर आणू नये आणि उपाशीपोटी लांब चालू नये, साखर एकाएकी खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा, आणि चालायला जाताना खिशात खडीसाखर ठेवा. चालताना छातीत जड वाटलं किंवा दम अवचित लागला तर त्याच दिवशी दाखवून घ्या.