कॅसिओ आणायला गेले, यामाहा घेऊन आले

आमच्या सांगलीत कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात. मीपण दुकानात जाऊन "कॅसिओ दाखवा" म्हणलं आणि त्या पोरानं यामाहा काढून समोर ठेवला, दोघांनाही त्यात काय वेगळं वाटलं नाही. तर हा त्या यामाहाचा, म्हणजे पीएसआर आय ५०० चा रिव्ह्यू, आणि जाता जाता दुकानाचापण. घेऊन आठ महिने झालेत.

आधीच सांगते, मी भजनी मंडळात पेटी वाजवणारी बाई आहे, कलाकार वगैरे नाही. २०१९ च्या पुरात आमची घरची पेटी तीन दिवस पाण्यात होती, लाकूड फुगलं, भाता सुटला, दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितली आणि परत झाकण लावून दिली. तेव्हापासून मंडळाच्या पेटीवर भागवत होते पण घरी रियाजाला काहीच नाही. त्यात पोरगं कीबोर्ड पाहिजे म्हणून मागं लागलेलं, म्हणलं दोघांचं एकात होऊ दे, पंचवीस हजारांच्या आत.

शेजारचा एक मुलगा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, तो म्हणाला काकू सिंथच घ्या, रोलँडचा एक्सपीएस १०. वाद्य चांगलंच आहे, स्टेजवर भरपूर दिसतं, पण त्याला स्वतःचा स्पीकरच नाही! अँप्लिफायर जोडल्याशिवाय किंवा हेडफोन लावल्याशिवाय आवाज नाही. आणि डाव्या हातानं कॉर्ड धरली की मागं ठेका, बेस सगळं आपोआप सुरू होतं ना, ते अरेंजर कीबोर्डचं काम, सिंथमध्ये मुळात आवाज घडवायचा असतो. मला घरात पाटावर ठेवून वाजवायचं होतं, मी काय आवाज घडवणार.

मग यामाहाचाच स्वस्तातला एफ ५२ बघितला. ६१ पट्ट्या त्यालाही आहेत पण टच नाही, हळू दाबा नाहीतर बुक्की मारा, आवाज तेवढाच. तुम्ही म्हणाल पेटीला तरी कुठं टच असतो, बरोबर आहे, पण पेटीला भाता असतो हो! आवाज लहानमोठा भात्यावर होतो, कीबोर्डला भाता नाही म्हणजे ते काम बोटांनीच करायचं. दुकानात गेलात की नुसता डेमो ऐकत बसू नका, डेमो सगळ्यांचेच भारी असतात, एकच पट्टी आधी हळू आणि मग जोरात दाबून बघा. आय ५०० ला टच आहे. पहिले पंधरा दिवस मात्र माझे स्वर एक मोठा एक बारीक असे यायचे कारण पेटीवाल्यांची बोटं सगळीकडं सारखीच पडतात. सेटिंगमध्ये टच फिक्स करता येतो, पण केला नाही, सवय लावली.

आवाज ८०१ आहेत म्हणे. मी पाच वापरते.

खरा उपयोग रियाजच्या बटनाचा, तानपुरा तबला चालू करायचा आणि गात बसायचं. ट्रान्सपोजपण सोन्यासारखं, आमच्यात एकीचा सूर काळी एक तर दुसरीचा पांढरी पाच, बोटं न बदलता गाण्याची पट्टी बदलते. फक्त नंतर परत शून्यावर आणायला विसरायचं नाही, मी एकदा विसरले आणि अख्ख्या मंडळाला वर चढवलं. जुन्या पेटीबरोबर वाजवणार असाल तर ट्युनिंगपण बघा, कीबोर्ड ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुराला लावलेला असतो आणि जुन्या पेट्या थोड्या वरखाली असतात, ते जुळवून घेता येतं. डावीकडं पिच बेंडचं चाक आहे, सा धरून वर ढकललं की सरकत शुद्ध रे पर्यंत जातो. पेटीवर अशी सरकती मींड निघत नाही म्हणून आयुष्यभर ऐकून घेतलंय, त्यामुळं पहिल्या दिवशी तासभर नुसतं चाकच फिरवत बसले होते, पोरगं वैतागलं. गळ्यातल्या मींडेची सर नाहीच त्याला, पण मजा येते.

पेटीचा आवाज म्हणाल तर कुठल्याच कीबोर्डवर मला पटला नाही, श्वास नसतो त्यात. हेडफोनची पिन जाडी लागते, मोबाईलचे इअरफोन लावायचे तर कन्व्हर्टर घ्या.

दुकानाचं नाव लिहीत नाही. पाऊण तास बसून वाजवू दिलं, गिऱ्हाईक असून चहा पाजला, इथंपर्यंत झकास. पण स्टँड आणि कव्हर गळ्यात मारायला बघत होते, दुसरीकडं तोच स्टँड बराच स्वस्त मिळाला. आणि वॉरंटी कार्डावर शिक्काच मारला नव्हता, त्यासाठी विश्रामबागहून दोन चकरा झाल्या, पहिल्यांदा गेले तर म्हणे शिक्का मालकाच्या घरी आहे.