सॉयर स्क्वीझ : शेवटच्या तळ्यापासून धारेपर्यंत

उंच डोंगरात दिवसभराच्या चालीला निघताना सॅकमधली सगळ्यात जड वस्तू म्हणजे पाणी. लिटरमागे एक किलो, त्यात घासाघीस चालत नाही. बरोबर कुणी असलं की प्रथमोपचाराचं सामान एकाकडे, जादा जाकीट दुसऱ्याकडे असं वाटून घेता येतं. एकटीला ते सगळं स्वतःच न्यावं लागतं, आणि वर पाणी. म्हणून सॉयर स्क्वीझ या फिल्टरबद्दल लिहिताना पाणी किती शुद्ध होतं ते नंतर सांगते. पाठीवरून किती वजन उतरतं ते आधी, कारण माझ्या लेखी या वस्तूचं खरं मोल तिथे आहे.

मला आवडणाऱ्या वाटांची घडण साधारण सारखीच असते. सकाळी जंगलातला चढ, मग हिमनदीनं कोरलेलं खोरं, त्यात टप्प्याटप्प्यानं वर जाणारी तळी, शेवटच्या तळ्यामागे घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या दगडांचा, उभा चढ, वर खिंड आणि खिंडीतून सुरू होणारी धार, म्हणजे डोंगराची अरुंद माथ्याची कड. शेवटच्या तळ्यापर्यंत पाण्याला तोटा नसतो. तिथून पुढे मात्र भरवसा संपतो. धारेवर पडलेला पाऊस आणि वितळलेलं बर्फ दोन्ही अंगांनी खाली निघून जातं, वर साठत काही नाही.

हिशेब मांडून बघा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली सांगितलेला ठोकताळा आजही कामाला येतो: ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. शेवटच्या तळ्यापासून दोन किलोमीटरवर, ६०० मीटर उंचीवर खिंड, पुढे पाच किलोमीटर धार, मग पलीकडच्या ओढ्यापर्यंत तीन किलोमीटर उतार, असं धरलं तर तीन तास होतात. हा ठोकताळा धडधाकट माणसाचा आणि बऱ्या वाटेचा. उंची, घसारा, फोटो आणि विश्रांती यांसाठी मी त्यात निम्मा वेळ आणखी घालते. म्हणजे साडेचार तास. तासाला अर्धा लिटर धरलं तर सव्वादोन लिटर पाणी लागेल. तळ्याकाठी बसून अर्धा लिटर पिऊन घ्यायचं आणि पावणेदोन लिटर भरून निघायचं. तळ्यापर्यंतचे तीन तास धरून पायथ्यापासूनच सगळं न्यायचं ठरवलं, तर निघताना पाठीवर पावणेचार लिटर असतं. फिल्टर असेल तर पायथ्याशी अर्धा लिटर पुरतं. सव्वातीन किलोचा फरक पडतो, आणि त्यासाठी जवळ बाळगायची वस्तू भरते ८५ ग्रॅम. त्यात पाणी भरून फिल्टरला जोडायच्या मऊ पिशवीचे थोडे ग्रॅम मिळवा.

हा फरक घसाऱ्यावर कळतो. सुट्या दगडांवर पाय टाकताना पाठ हलकी असली की तोल पटकन सावरता येतो. एकटीनं चालताना मुरगळलेला घोटासुद्धा मोठं प्रकरण होऊ शकतं. शिवाय उन्हाळ्यात बऱ्याच डोंगररांगांवर दुपारी ढग चढतात आणि विजा होतात, त्याआधी धार उतरायची असते. सकाळच्या चढात वाचलेली दमछाक तिथे उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे. मुठीत मावणारं प्लास्टिकचं नळकांडं. आत अतिसूक्ष्म छिद्रांच्या पोकळ तंतूंची दुमडलेली जुडी असते. पाणी बाहेरून दाबानं तंतूंच्या भिंतीतून आत शिरतं आणि त्यांच्या पोकळीतून पुढे वाहतं. गाळ आणि जंतू भिंतीबाहेर राहतात. छिद्रं जास्तीत जास्त ०.१ मायक्रॉनची; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माझं काम प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्याचं आहे, त्यामुळे हा आकडा मला नुसता वाचून सोडता येत नाही. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे पाण्यातून पोटात जाऊन जुलाब लावणारे परजीवी. जिआर्डियाची पुटी, म्हणजे कवचातली अवस्था, साधारण ८ ते १२ मायक्रॉन लांब असते, क्रिप्टोस्पोरिडियमची ४ ते ६. सूक्ष्मदर्शकाखाली जिआर्डियाची ती लंबगोल, चकचकीत कडेची पुटी एकदा नीट पाहिली की ‘डोंगरातलं पाणी निर्मळच असतं’ या वाक्यावरचा विश्वास उडतो. काचेसारख्या नितळ नमुन्यातही ती सापडू शकते. तळ्याच्या वरच्या अंगाला मार्मोट (खारीच्या कुळातले बिळात राहणारे डोंगरी प्राणी) असतात, चरायला आलेली मेंढरं असतात, आपल्याआधी येऊन गेलेली माणसं असतात. आणि जिआर्डिया त्याच दिवशी त्रास देत नाही. लक्षणं दिसायला बहुधा आठवडा, कधी दोन-तीन आठवडे जातात. तोवर ते तळं विसरलेलं असतं आणि दोष भलत्याच जेवणावर जातो. ‘गेल्या वेळी प्यायलो, काही झालं नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही.

०.१ मायक्रॉनच्या गाळणीत या पुट्या अडकतात, पोटाचे विकार करणारे जिवाणूही अडकतात. विषाणू अडकत नाहीत. नोरोव्हायरस सुमारे ०.०३ मायक्रॉनचा असतो, तो सरळ पार होतो. माणसाला आजारी पाडणारे पोटाचे विषाणू मुख्यतः माणसाकडूनच येतात. त्यामुळे वर्दळ नसलेल्या उंच तळ्यावर मी एकट्या फिल्टरवर विसंबते. तळ्याकाठी तंबू पडत असतील किंवा वरच्या अंगाला मुक्कामाची झोपडी असेल, तर विसंबत नाही. तिथे फिल्टर केलेल्या पाण्यात क्लोरीन डायऑक्साइडची गोळी टाकते. दोन्ही एकत्र वापरले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. विषाणूंसाठी गोळीला साधारण अर्धा तास पुरतो. क्रिप्टोस्पोरिडियमसाठी चार तास थांबावं लागतं, आणि ते काम फिल्टरनं आधीच केलेलं असतं.

पाणी भरण्याचा भाग या फिल्टरच्या परीक्षणांत फार थोडक्यात उरकलेला दिसतो. उभ्या पाण्यात तीच खरी अडचण आहे. फिल्टरच्या तळाला २८ मिलिमीटरचे आटे आहेत, बाजारात मिळणाऱ्या साध्या पाण्याच्या कितीतरी बाटल्या त्यावर बसतात. वाहत्या ओढ्यात निमुळत्या तोंडाची मऊ पिशवी पडत्या पाण्याखाली धरली की भरते. तळ्यात ती बुडवली तर चपटी होते आणि अर्धा पेला पाणी घेऊन वर येते. यावर मला सगळ्यात सोयीची वाटते ती दोन्ही टोकांना उघडणारी पिशवी. एका टोकाला २८ मिलिमीटरचे आटे, दुसरं टोक पूर्ण रुंद, सरकपट्टीनं बंद होणारं. रुंद टोक उघडून पाण्याच्या पृष्ठभागाखाली आडवं ओढलं की एका हातात पिशवी भरते. काठावर गाळ ढवळला जातो, म्हणून पाण्यात आत गेलेला खडक बघून त्यावर उकिडवं बसायचं आणि तिथून घ्यायचं. शक्य असेल तर मी तळ्यातून पाणी बाहेर पडतं त्या मुखाशी भरते. तळ्यात पाणी थांबतं तेव्हा जड गाळ खाली बसलेला असतो, आणि वरच्या थरातल्या जंतूंवर उन्हातल्या अतिनील किरणांचा मारा झालेला असतो.

भरल्यावर फिल्टर फिरवून घट्ट बसवायचा, पिशवी उलटी धरायची आणि दाबायची. गुंडाळून पिळायची गरज नाही, दोन्ही तळव्यांमध्ये सारखा दाब पुरतो. आट्यांच्या आत एक पांढरं वायसर असतं, तिकडे नजर ठेवा. ते निसटलं की आट्यांतून गढूळ थेंब ओघळतो आणि फिल्टरच्या अंगावरून थेट स्वच्छ बाटलीच्या तोंडाशी येतो. एवढ्या बारीक गाळणीतून पाणी काढून शेवटी कच्चा थेंब त्यात पडावा, हे काही बरं नाही. दाबण्याआधी मी ते वायसर बोटानं चाचपते आणि फिल्टरचं बाहेरचं अंग कोरड्या फडक्यानं पुसून घेते. एक जादा वायसर शिट्टीच्या दोरीत अडकवलेलं असतं.

तळ्यावर फिल्टर हळू चालला की ‘तुंबला, गेला’ अशी तक्रार पुष्कळजण करतात. बऱ्याचदा तो तुंबलेला नसतो, पाणी थंड असतं. ५ अंशाच्या पाण्याची चिकटता २५ अंशाच्या पाण्याच्या जवळपास पावणेदोन पट असते. घरच्या नळावर मिनिटभरात होणाऱ्या कामाला बर्फाळ तळ्यावर पावणेदोन मिनिटं लागली, तर फिल्टर ठणठणीत आहे असं समजावं. हे माहीत नसेल तर माणूस जोर वाढवतो आणि पिशवीची शिवण उकलते. एकटीकडे दुसरी पिशवी नसेल तर पुढची वाट तिथेच बदलते.

खरा तुंबा वेगळ्या तळ्यांवर बसतो. दुधाळ फिरोजी रंगाची, फोटोत सगळ्यात देखणी दिसणारी तळी असतात ना, त्यांचा रंग हिमनदीनं खडक घासून केलेल्या पिठाचा असतो. ते कण इतके बारीक की लवकर बसत नाहीत, तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतात. तेच कण तंतूंच्या भिंतीवर जाऊन लिंपतात. मुक्काम असेल तर पाणी भांड्यात रात्रभर निवळू देता येतं, एका दिवसाच्या चालीत तेवढा वेळ नसतो. नकाशावर तळ्याच्या डोक्यावर हिमनदी दिसली की मी पाण्यासाठी बाजूनं येणारा एखादा नितळ झरा आधीच हेरून ठेवते. तसा झरा नसेल तर त्या दिवशी पाणी खालून नेते. कापडातून गाळून थोडा फरक पडतो, फार नाही. घरी आल्यावर सोबत मिळणाऱ्या पिचकारीनं स्वच्छ पाणी उलट्या बाजूनं जोरात मारायचं. दोन-चार वेळा मारलं की राखाडी पाणी येतं, मग स्वच्छ येतं. बरेच दिवस कोरडा पडलेला फिल्टर आखडतो. तो आधी कोमट पाण्यात भिजवावा, पण ६० अंशाच्या वरचं पाणी नको. पाण्यातल्या क्षारांनी बसला असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवून मोकळा होतो.

काही पाणी या फिल्टरमधून काढूनही प्यायचं नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाची साय धरलेल्या तळ्यात विषं विरघळलेली असू शकतात, ती गाळूनही जात नाहीत आणि उकळूनही जात नाहीत. जुन्या खाणीखालून येणारं पाणीही तसंच. ओढ्यातले दगड गंजासारखे नारिंगी दिसले तर पुढे चालावं.

आता थंडी. या फिल्टरचा एकच मोठा धोका मानायचा तर मी हाच मानेन. एकदा ओला झाल्यावर, कितीही झटकला तरी आत थोडं पाणी राहतं. ते गोठलं की फुगतं आणि तंतू फाटू शकतात. फाटलेला फिल्टर बाहेरून तस्साच दिसतो, पाणीही पहिल्यासारखंच देतो, कदाचित जरा जास्त वेगानं. गोठून खराब झालाय की नाही हे खात्रीनं ओळखण्याची सोय नाही. गोठल्याचा संशय आला तरी तो बदला, असंच कंपनी सांगते. शरद ऋतूत पहाटे पायथ्याशी तापमान शून्याखाली असतं तेव्हा फिल्टर सॅकच्या बाहेरच्या जाळीत अडकवून निघणं म्हणजे आपणच तो निकामी करणं. माझा फिल्टर झिपच्या पिशवीत, जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत असतो. आदल्या रात्री गाडीत तर मी तो कधीच ठेवत नाही. जुना फिल्टर कुणी देऊ केला, तर मी घेणार नाही. त्यानं कोणती रात्र कुठे काढली हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. उकळणं सगळ्यात खात्रीचं, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळू द्यावं, पण दिवसाच्या चालीत चूल, इंधन आणि पाणी निवण्याचा वेळ परवडत नाही. अतिनील दिव्याची कांडी नितळ पाण्यात छान काम करते आणि विषाणूंनाही पुरून उरते, मात्र थंडीत बॅटरी मंदावते आणि गढूळ पाण्यात प्रकाश पोचत नाही. सॉयरचाच मिनी हा फिल्टर स्क्वीझहून हलका आहे आणि त्यातून पाणी हळू येतं. काही ग्रॅम वाचवून तळ्याकाठी वाऱ्यात जास्त वेळ बसण्यापेक्षा मी स्क्वीझ घेईन.

ज्यांच्या वाटा हिमनद्यांच्या अगदी पायाशी जातात, किंवा ज्यांना हिवाळ्यातच चालायला आवडतं, त्यांनी हा घेऊ नये. बाकी उन्हाळी मोसमात तळ्यांच्या खोऱ्यातून धारेवर एकट्यानं जाणाऱ्या कुणालाही मी तो बेलाशक सुचवेन. सोबत गोळ्यांची एक पट्टी असू द्या. फिल्टर हातातून निसटून तळ्यात गेला किंवा गोठल्याची शंका आली, तर धारेवर जायचं की मागे फिरायचं हे त्या पट्टीवर ठरेल. मोसमातल्या पहिल्या चालीआधी तिची मुदत तपासा.