जुन्या अँबॅसेडरला फॅन कुठला: पत्र्याचा, प्लास्टिकचा का इलेक्ट्रिक?

जुनी अँबॅसेडर किंवा फियाट सांभाळणाऱ्यांचं उन्हाळा आला की एकच सुरू होतं, रेडिएटर गार करणारा मूळचा पत्र्याचा फॅन ठेवू, जास्त पात्यांचा प्लास्टिकचा बसवू का सरळ इलेक्ट्रिक टाकू. मी तिन्ही लावून बघितलेत. गाडी अँबॅसेडर मार्क 2, अजून डायनामोवरच (बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर) आहे, तेव्हा माझं मत त्या हिशोबानं घ्या.

पत्र्याचा वाईट नाही ओ. चार पाती काटकोनात नसून अर्धवट उघडलेल्या कात्रीसारखी असतात ना, ते मुद्दाम केलेलं असतं, सारख्या अंतरावर असली की एकच सूर धरून घोंघावतात, अंतर कमीजास्त केलं की आवाज विखुरतो, आणि समोरासमोर जोडी असल्यानं बॅलन्सही जात नाही. पण वजन सगळं वॉटर पंपाच्या बेअरिंगवर, आणि रिव्हेटजवळ पात्याच्या मुळाशी बारीक तडा जातो तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रॉकेल लावून पुसून घ्यायचं, वर खडूची पूड चोळायची, तडा असला तर थोड्या वेळात काळपट रेघ उमटते. उमटली की फॅन भंगारात, वेल्डिंगच्या नादाला लागू नका, तुटलेलं पातं रेडिएटर तर फाडतंच, बॉनेटलाही सोडत नाही.

इलेक्ट्रिकवाल्यांचा मुद्दा मान्य आहे. इंजिनावरचा फॅन दुप्पट वेगानं फिरला की त्याला ताकद आठपट लागते, आणि हायवेला निपाणीकडं पळताना समोरनं हवा येतच असते, म्हणजे गरज नसताना तो खात बसतो.

पण माझं बिनसलं ते आमच्या बेळगावात, टिळकवाडीच्या रेल्वे गेटला. संध्याकाळची वेळ, मालगाडी काही येत नाही, हेडलाइट चालू, टेंपरेचरचा काटा चढायलाय, आणि फॅन सुरू झाला की इग्निशनचा लाल दिवा पेटतो, म्हणजे बॅटरी चार्ज होत नाही. गाडी उभी, इंजिन स्लोमध्ये असलं की डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, फॅन 8-10 अँपिअर सहज ओढतो, ते सगळं बॅटरीतनं, मग व्होल्टेज पडलं की फॅनच मंद होतो, त्याचा आवाज खाली येताना बसल्या जागी ऐकू येतो. पाहिजे तिथंच नेमकी बोंब! चोर्ला घाटाच्या चढाला इंजिन रेसवर असतं, तिथं तक्रार नाही, पण गावातलं हे रोजचं कोण सोसणार? तुमच्याकडं डायनामोऐवजी अल्टरनेटर असेल, जो स्लोमध्येही वीज देतो, तर प्रश्नच मिटला, खुशाल इलेक्ट्रिक घ्या.

मला तरी प्लास्टिकचा बरा पडला. पाती जास्त, वजन कमी, स्लोमध्येही हवा बऱ्यापैकी ओढतो. मोजून काही बघितलेलं नाही, पण गेटला काटा पूर्वीइतका चढत नाही एवढं खरं. उष्णतेनं तो कधीतरी ठिसूळ होणार, हे धरून चाला. रेस वाढली की पाती रेडिएटरकडं झुकतात, त्यामुळं मध्ये जागा सोडायला पाहिजे, स्पेसर (फॅनचं अंतर जुळवायची चकती) लागला तर इथं उद्यमबागेत लेथवर करून मिळतो. पात्यांचा बाक आपल्या इंजिनाच्या फिरण्याशी जुळतो का तेवढं घेतानाच बघा. आणि इंजिनाची माउंटिंग रबरं दबून गेलेली असतील तर आधी ती बदला, नाहीतर जोरात ब्रेक मारला की इंजिन पुढं सरकून पातं रेडिएटरला लागतंय.