नाला खोल करायचा की माथ्यावर चर मारायचे? ग्रामसभेआधी वाचा

गावात पाणी अडवायला पैसा मोजकाच असतो आणि वाद ठरलेला, पोकलेन लावून नाला खोल करू की डोंगरावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर मारू. आमच्या गावात दोन्ही झालं, पण आधी नाला आणि मग डोंगर, आणि तिथेच चुकलं.

नाल्याच्या कामाची ओढ का वाटते ते कळतं. आठवड्यात काम दिसतं, पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुडुंब, काठच्या विहिरी वर येतात. पण वरून माती येतच राहते ना, आमच्याकडे दोन पावसाळ्यात कंबरभर गाळ बसला आणि परत मशीनचं भाडं. आणि मुरूम संपून काळा पाषाण लागला तरी फोडत राहिलं तर वरच्या विहिरीतलं पाणीच पाझरून नाल्यात उतरतं, मग भाऊबंदकीची भांडणं वेगळीच. लोक लगेच धुळे जिल्ह्यातलं शिरपूर दाखवतात, तिथे नाले खोल करणाऱ्या भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर साहेबांचं काम मोठंच आहे, पण तिथे बऱ्याच भागात तापीच्या गाळाचा जाड थर आहे, आपल्याकडे वीतभर मातीखाली बेसाल्ट, म्हणजे तोच काळा पाषाण.

आता चर. 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल धरला तर मीटरमागे 180 लिटर पाणी थांबतं. हेक्टरवर 20 मिमी पाऊस म्हणजे 2 लाख लिटर, त्यात 500 मीटर चर असेल तर 90 हजार लिटर तिथंच अडतं, मुरतं, आणि पुढच्या सरीला चर परत रिकामा. जूनमध्ये वर जाऊन चरात हात घालून बघा, तळाला बोटभर बारीक माती असते, लोण्यासारखी, ती नाल्यात जाणार होती.

तोटे आहेतच. विहिरीला फरक पडायला दोन-तीन वर्षं जातात, तोवर सरपंचाला शिव्या. ए-फ्रेमने (समपातळी बघायची A आकाराची लाकडी चौकट) रेषा नीट धरली नाही तर पाणी एका टोकाला जमून चर फुटतो. सगळ्यात अवघड म्हणजे चर आणि बांधावरचं गवत टिकावं म्हणून डोंगरावर करायची चराईबंदी, कारण झळ बसते ती शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीनांना, आणि ग्रामसभेत तेच मागे बसलेले असतात. पाणलोटाच्या कामासाठी गाजलेल्या हिवरे बाजार गावाने चराई बंद केली पण गवत कापून न्यायला मोकळीक दिली, तसं आधी ठरवल्याशिवाय चराला हात लावू नका.

प्लास्टिकचं शेततळं बोअरच्या पाण्याने भरणार असाल तर ते या तुलनेतच येत नाही, तो नुसता साठा, वर बाष्पीभवन.

डोंगरउतारावर फार्महाऊसचे प्लॉट पडत असतील तर रस्ता कुठून काढणार ते पहिलं विचारा, उभा रस्ता म्हणजे नवा ओढाच, तुमचे सगळे चर एका पावसात फोडेल.

माझं मत, पैसा एकाच कामापुरता असेल तर वर लावा. दोन्हीला पुरत असेल तरी आधी चर आणि चरांच्या बांधावर गवताचं बी, नाला पुढच्या वर्षी, तोही मुरमापर्यंतच. मशीन ठरवण्याआधी एकदा पाऊस चालू असताना माथ्यावर चढा आणि पहिला ओघळ कुठे सुरू होतो तिथे चुन्याची खूण करून या, काम तिथून सुरू.