अकरा महिने, दोन हार्ड डिस्क, आणि "कुठला ब्रँड चांगला?"

अकरा महिन्यांपूर्वी दोन हार्ड डिस्क घेतल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक ४ टीबीची ३.५ इंची, पीसीच्या आत बसवलेली, आणि दुसरी पण ४ टीबीचीच पण पोर्टेबल, फक्त बॅकअपला. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये, का ते पुढे येईलच.

घ्यायची वेळ का आली तर जुनी २ टीबीची एक्स्टर्नल गेली. पाच वर्षं काही म्हणून कुरकुर नाही, मग एक दिवस फोल्डर उघडायला वेळ लागायला लागला, मी म्हटलं विंडोजचं नेहमीचं नाटक असेल, आणि दोन दिवसांनी आतून टक... टक... टक, खेळ खलास. भाचीचे रांगत होती तेव्हापासूनचे व्हिडिओ होते त्यात. अर्धेमुर्धे ताईच्या जुन्या फोनमध्ये सापडले, बाकीचे गेले ते गेलेच. सगळ्यात चीड कशाची आली सांगू? त्याच आठवड्यात क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) ती निळी होती, "गुड". नंतर शोधताना कळलं की गुगलने २००७ मध्ये स्वतःकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापलाय आणि त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी तापमान सोडून स्मार्टच्या (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदी) एकाही आकड्यात काडीचाही इशारा दिला नव्हता. म्हणजे "गुड" दिसलं की मेलेली नाही एवढंच समजायचं, ठणठणीत आहे असं नाही.

मग नवीन कुठली घ्यायची म्हणून चार जणांना विचारलं आणि डोकं फिरायची वेळ आली. एकाने ज्या कंपनीला शिव्या घातल्या तिचीच डिस्क दुसऱ्याकडे आठ वर्षं चालू. प्रत्येकाचा पुरावा काय तर एक डिस्क, फार तर दोन. आणि गंमत म्हणजे आता हार्ड डिस्क बनवणारे उरलेत फक्त तिघे, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. मॅक्सटॉर २००६ मध्ये सीगेटने घेतली, फुजित्सूचा हार्ड डिस्कचा धंदा २००९ मध्ये तोशिबाकडे गेला, सॅमसंगचा २०११ मध्ये सीगेटकडे आणि हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. त्यामुळे एक्स्टर्नलच्या डबीवर नाव कुठलंही असो, आतली डिस्क या तिघांपैकीच कुणाची तरी.

शेवटी बॅकब्लेझची आकडेवारी वाचत बसलो. ऑनलाइन बॅकअपची कंपनी आहे, २०१३ पासून स्वतःकडच्या डिस्क किती मरतात ते मॉडेलप्रमाणे जाहीर करते. २०२३ चा त्यांचा एकूण आकडा १.४० टक्के, म्हणजे शंभर डिस्क वर्षभर चालवल्या तर एखाददुसरी जाणार. आता ही सरासरी झाली, मॉडेलवार बघायला गेलं की खरी मजा. सीगेटचं ३ टीबीचं एक मॉडेल तिथे इतक्या वाईट प्रमाणात मेलं की ते बदनामच झालं, पण त्याच कंपनीचं ४ टीबीचं मॉडेल बरंच बरं निघालं. त्याही आधी आयबीएमच्या डेस्कस्टारला लोक "डेथस्टार" म्हणायचे, तो धंदा हिताचीने घेतला, आणि पुढे हिताचीच्याच डिस्क बॅकब्लेझच्या यादीत सगळ्यात टिकाऊ म्हणून वर होत्या. आता बोला. ब्रँड ब्रँड करून काय उपयोग, मॉडेल नंबर बघा. (त्यांच्या डिस्क चोवीस तास कपाटात फिरत असतात, माझी संध्याकाळी चार तास, हा फरक आहेच.)

आता माझ्या अनुभवावर येतो.

आतली डिस्क आल्या आल्या तिच्यात एकही फाइल न टाकता लाँग टेस्ट, म्हणजे सगळी डिस्क तपासणारी चाचणी, लावली, रात्रभर. मग कचरा डेटा टाकून काठोकाठ भरली आणि पुन्हा पुसली. नवीन डिस्क मरायचीच असेल तर परत करायची मुदत आहे तोवर मरू दे, हा हिशोब. पास झाली. विंडोजमध्ये ४ टीबीची ३.६३ दिसते, फसवणूक नाही ती, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. ७२०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे) आहे त्यामुळे आवाज करते, रात्री शांत असलं की कुणीतरी कोपऱ्यात शेंगा फोडतंय असं वाटतं. पहिले आठ दिवस दर वेळी छातीत धस्स व्हायचं, आता सवय झाली. तापमान ३५ ते ४० च्या मधे.

तिसऱ्या महिन्यात मोठी कॉपी मधेच अडकली, पीसी गोठला. स्मार्ट उघडलं तर एका ओळीत शून्याच्या जागी भलताच आकडा. झालं, नवीन पण गेली! त्याच रागात एक तारा देऊन कंपनीला धू धू धुणारा परिच्छेद लिहून ठेवला होता, पाठवायचाच बाकी होता. मग नीट बघितलं, ओळ होती सी७ ची, म्हणजे १९९ नंबर, सीआरसी एरर. तो आकडा डिस्कचा नसतोच जवळजवळ, डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या वायरीचा असतो. जुन्या पीसीतली सॅटा केबल तशीच वापरली होती, एका टोकाला सैल. केबल बदलली, तेव्हापासून आकडा जिथल्या तिथे आहे (तो कमी कधी होत नाही, वाढायचा थांबला की झालं). कंपनीचं नाव का लिहीत नाही ते आता कळलं असेल. माझ्या केबलपायी एका चांगल्या डिस्कची बदनामी झाली असती, आणि ती वाचून अजून दहा जणांनी तेच पुढे सांगितलं असतं.

स्मार्टमध्ये मी बघतो ते ०५, सी५ आणि सी६, म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), अडून बसलेले सेक्टर आणि वाचता न आलेले. हे शून्यच असावेत, आणि वाढायला लागले की गप डेटा उचलायचा. क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ (मूळ) आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, दाखवतं, सेटिंगमधून दहाच्या पद्धतीत करून घ्या नाहीतर तासांचा आकडा बघून चक्रावाल. आणि सीगेटच्या डिस्कवर पहिल्याच ओळीत, रीड एरर रेटसमोर, कोट्यवधींचा आकडा दिसतो त्याला घाबरू नका, त्यात एकूण किती वाचन झालं तेही एकत्र कोंबलेलं असतं.

पोर्टेबलचं वेगळंच. पहिल्या दिवशी सगळा डेटा ओतायला घेतला, सुरुवातीला सेकंदाला शंभरच्या वर एमबी, एक-दीड तासाने वीसवर आली, मधेच शून्य. ही एसएमआर निघाली. एसएमआर म्हणजे ट्रॅक (चकतीवरच्या डेटाच्या रेघा) छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले, जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलावी लागतात. त्यात चूक माझीच, बघून घ्यायला हवं होतं. बॅकअपला, आठवड्यातून एकदा थोडंफार टाकायला चालतं. पण नॅससाठी (नेटवर्कवर जोडलेला डिस्कचा डबा), अनेक डिस्क एकत्र जोडायच्या रेड (RAID) पद्धतीत लावायला अजिबात घेऊ नका. वेस्टर्न डिजिटलच्या रेड (Red) नावाच्या मालिकेतली २ ते ६ टीबीची काही मॉडेल अशी असल्याचं २०२० मध्ये बाहेर आलं तेव्हा केवढा गोंधळ झाला होता, आता सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली, हवी असेल तर त्यांच्याकडे रेड प्लस बघायची. अजून एक, काही पोर्टेबलमध्ये आत सॅटाचा कनेक्टरच नसतो, यूएसबी थेट बोर्डावर असतं. पोर्ट हललं की डिस्क काढून दुसऱ्या डबीत घालायचा उपाय तिथे चालत नाही.

वॉरंटीवर मी आता जास्त लक्ष देतो. साध्या डिस्कला बहुतेक २ वर्षं, नॅसवाल्यांना ३, प्रो आणि एंटरप्रायझला ५. कंपनीला स्वतःच्या मालाबद्दल काय वाटतं ते बरंचसं तिथेच दिसतं. पण वॉरंटीत मिळते ती बदली डिस्क, आणि ती कोरी असते बरं का, तुमचे फोटो कुणी परत देत नाही. त्यासाठीच तर दोन घेतल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच लॉटमधल्या दोघी एकदम जायला नकोत. पोर्टेबल एरवी ताईकडेच असते, रविवारी आणतो, बॅकअप घेतो, परत देतो.

सध्याची परिस्थिती म्हणाल तर आतली साधारण १४०० तास चाललीये, ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य. पोर्टेबलचं ०५ गेल्या महिन्यात शून्याचं ८ झालं, या महिन्यात ८ च आहे. वॉरंटीला तेरा महिने बाकी आहेत, वाढलं तर बदलून मागणार, तोवर भाचीचे व्हिडिओ तिसऱ्या एका जुन्या डिस्कवरही टाकून ठेवलेत.